सासूबाईंचा डावा हात

शिंतो देवळाच्या तोरीखाली, त्या लाल कमानीखाली, वाकून नमस्कार केला, तेव्हाही माझी नजर सासूबाईंच्या डाव्या हातावरच होती. माझी महिन्याची लेक मिओ त्या हातावर होती. तिच्यावरून बगळ्यांचं भरतकाम केलेला रेशमी किमोनो पांघरलेला, त्याचे बंद सासूबाईंच्या मानेमागे बांधलेले. आत हात थरथरतोय की धड आहे, कळायला मार्ग नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. "मी ठणठणीत आहे," असं त्यांनी जाहीर केलं आणि घरात तो विषयच बंद झाला. पण कालच भाताचा वाडगा त्यांच्या हातून निसटलेला मी पाहिला होता.

"आई, पायऱ्या संपेपर्यंत तरी माझ्याकडे द्या ना."

"देवाच्या पहिल्या भेटीला बाळ बापाच्या आईनंच घ्यायचं. बाळंतिणीला विटाळ असतो. माहेरी काही शिकवलं की नाही?"

"किती कटकट करतेस!" माझा नवरा तात्सुरो म्हणाला. "मला नाही का वाढवलं आईनं?"

मला दोघांचाही संताप आला. मी सासूबाईंच्या मागोमाग एकेक पायरी चढत राहिले, हात पुढे करून. लोक बघत होते. बघू देत.

वर दगडी टाकीशी आम्ही हात धुवायला, चूळ भरायला थांबलो. सासूबाई थांबल्याच नाहीत. नवी नवरी असताना मी इथे हात न धुता आत गेले होते, तर या बाईनं मला वर्षभर ऐकवलं होतं. आज ती पाण्याकडे न बघता पुढे गेली. तिला एक हातही मोकळा करता येत नव्हता! मी ओल्या हातांनीच तिच्यामागे धावले.

गाभाऱ्यापुढे पुजाऱ्यांनी मंत्र सुरू केले. कागदी झिरमिळ्यांची काठी डोक्यावरून फिरली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. किमोनो डावीकडे घसरला, आणि मी दोन्ही हात आत खुपसले.

मिओचं ढुंगण माझ्या तळव्यावर आलं. सासूबाईंच्या उजव्या हाताची गार बोटं माझ्या मनगटाला घट्ट धरून बसली.

"सोडू नकोस," त्या खालमानेनंच पुटपुटल्या. "पायऱ्यांवरच डाव्या हातातला जोर गेला होता माझा. फार घाबरले होते गं."

राग होताच, वर रडूही फुटलं. पुजाऱ्यांचे मंत्र संपले, तात्सुरो ताठ उभा राहिला, तरी आम्ही दोघी मिओला धरून वाकलेल्याच होतो.