नऊ वजनांची साक्ष

दसऱ्याला सगळीकडे शस्त्रं पुजतात, आमच्या खरेदी संघाच्या कार्यालयात वजनं पुजायचे. बाकी सगळी वजनं ज्याच्याशी जुळवायची, ते वीस किलोचं पितळी मास्टर वजन मी चिंच आणि रांगोळी लावून घासायची आणि अख्ख्या यवतमाळात असं लखलखीत वजन नाही म्हणून मिरवायची. २००४ च्या दसऱ्याला घासताना त्याच्या बुडातली, वजन नेमकं भरावं म्हणून बसवलेली शिशाची गोळी निखळून माझ्या हातात आली. कार्यालयप्रमुख अनंतराव साहेबांना दाखवली. आरती खोळंबली होती. नंतर बसवू, आधी हार घाला, म्हणाले. गोळी माझ्या टेबलाच्या खणात गेली आणि मी, मंजुषा, वजन तपासनीस, ती विसरले.

पुढच्याच आठवड्यात नेरजवळच्या कापूस खरेदी केंद्रावरची वीस-वीस किलोची दहा लोखंडी वजनं तपासणीला आली. दहाही मी शिसं काढून-घालून मास्टरशी जुळवली, शिक्के मारले. तिथला मापारी खेमसिंग रोज सकाळी ही दहा वजनं, म्हणजे दोनशे किलो, चढवून काटा दोनशेवर लावायचा आणि मग दिवसभर कापूस मोजायचा.

त्या हंगामात भाव पडलेले, केंद्राबाहेर गाड्या चार-चार दिवस उभ्या, जो तो चिडलेला. त्यातच केंद्रावर मोजलेला दहा हजार क्विंटल कापूस जिनिंग कारखान्याच्या काट्यावर वीस क्विंटल कमी भरला. खेमसिंगने चोरला, हे ठरायला एक दिवसही लागला नाही. तांड्यावरचा माणूस, मग काय विचारता.

वजनं तपासा, एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी दहातलं एक नागपूरच्या प्रयोगशाळेत गेलं. चाळीस ग्रॅम हलकं निघालं. मला वाटलं, सुटला बिचारा.

पण चौकशी समितीपुढे साहेबांनी फळ्यावर गणित मांडलं. प्रत्येक वजन चाळीस ग्रॅम चुकलंय असं धरू, तरी काही हलकी असतील, काही भारी, चुका एकमेकींना खातात. वर्ग, बेरीज, वर्गमूळ करून दहांची मिळून चूक निघाली सव्वाशे ग्रॅम. म्हणजे सहा क्विंटल वजनांच्या माथी, चौदा खेमसिंगच्या.

गणित बिनचूक होतं, फक्त ते एकमेकांना परक्या असलेल्या दहा वजनांचं होतं. आमची दहाही एकाच मास्टरशी जुळवलेली. मास्टर चाळीस ग्रॅम हलकं, तर दहाही तेवढीच हलकी, एकाच बाजूला. चुका एकमेकींना खाणार कशा, त्या नुसत्या साठत जाणार. दोनशे किलोमागे चारशे ग्रॅम, दहा हजार क्विंटलमागे बरोबर वीस. खणातली गोळी आठवून हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि मी गप्प बसले. माझ्या बढतीची फाईल साहेबांकडे होती. सांगायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. गोळी घेऊन साहेबांकडे गेले. मास्टर नागपूरला पाठवा म्हटलं. साहेब म्हणाले, नागपूर कशाला, इथेच सगळ्यांसमोर तपासू. केंद्रावरून उरलेली नऊ वजनं मागवली आणि समितीसमोर एकेक करून मास्टरशी तोलली.

नऊही जुळली. जुळणारच होती. समितीने समाधानाने माना डोलावल्या. मास्टर बरोबर असल्याच्या कागदावर साहेबांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. गोळी माझ्या डाव्या मुठीत होती. उजव्या हाताने मी सही केली.

खेमसिंग तिथेच उभा होता. शांतपणे म्हणाला, "म्याडम, हे नऊही याच्याच पोटचे. पोरायले इचारून माय खरी ठरवून राह्यले तुमी."

कोणीतरी हसलं. त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली, चोर हे नाव तेवढं राहिलं. मी नंतर कोणाकोणाला खरं सांगितलं, पण माझीच सही पुढे करून लोक मला गप्प करतात.

बढती मिळाली. मास्टर आता नवी मुलगी घासते. बुडातलं भोक तिने विचारलं, तेव्हा ते पहिल्यापासूनच आहे म्हणून सांगितलं. गोळी मात्र मी सराफाकडे नेऊन तोलली, आमच्या वजनांवर माझा भरवसा नाही. चाळीस ग्रॅम भरली.