बेवारस सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तो नव्हे, आणि नाटकात वर-खाली होतो तोही नव्हे. मी सिनेमाचा पडदा आहे. पण थिएटरातल्या भल्यामोठ्या पडद्याची ऐट माझ्यापाशी नाही. एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, भिंतीतल्या दोन खिळ्यांवर मी लटकतो. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि खालच्या कोपऱ्याला चहाचा एक डाग आहे. तो कुणी पाडला हे मला माहीत आहे, पण मी चहाडखोर नाही.

आधी एक गंमत सांगतो. तुम्हाला वाटेल, या पडद्यानं किती सिनेमे पाहिले असतील! खरं सांगू? एकही नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं, ते मला कसं दिसणार? तुम्हाला तुमची स्वतःची पाठ दिसते का? आवाज तेवढा कानावर येतो. मला दिसतात ते समोर बसलेल्यांचे चेहरे. सिनेमा हसरा आहे की रडका, चांगला आहे की रटाळ, हे मी चेहऱ्यांवरूनच ओळखतो. सारं आयुष्य मी माणसांची तोंडं बघण्यात घालवलं आहे.

माझा जन्म याच घरातला. ज्यांनी मला शिवलं, त्यांना सगळे शिंपीकाका म्हणत. चष्म्याच्या दुकानाचे मालक एकदा कुठूनसा जुना प्रोजेक्टर घेऊन आले आणि म्हणाले, "काका, यंत्र मी आणलं, आता पडदा तुमच्याकडे लागला." काकांनी पांढऱ्या कापडाचे दोन पन्हे जोडले, मागून काळं अस्तर लावलं, काठी ओवायला वर-खाली नेफा केला. कडांची हातशिलाई मात्र काकूंनी केली. काकू म्हणजे काकांची बायको. माझ्या मधोमध शिवण आली, ती नेमकी नटनट्यांच्या नाकावर पडायची. पहिल्याच दिवशी बेकरीवाले ओरडले, "काका, हिरोच्या नाकाला टाके घातलेत की हो!" सगळे पोट धरधरून हसले. मला जरा लाज वाटली, पण त्या हसण्यानंच मी त्यांच्यातला झालो.

दर रविवारी दुपारी दुकान बंद झालं की मंडळी वर जमत. चष्मेवाले, बेकरीवाले, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आणि काका. आणखी दोघं-चौघं येऊन-जाऊन असत. काकू चहा घेऊन येत आणि मग मागच्या खुर्चीवर बसत.

या मंडळाचा एक नियम होता, तो नीट ऐका. सिनेमा कुठला लावायचा हे चिठ्ठीवर ठरे. ज्याला जो सिनेमा दाखवावासा वाटेल, त्याचं नाव त्यानं चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. तेही डाव्या हातानं, म्हणजे अक्षरावरून माणूस ओळखू येऊ नये. बेकरीवाले मुळात डावखुरे, त्यांना बिचाऱ्यांना उजव्या हातानं लिहावं लागे. दर रविवारी एक चिठ्ठी काढत; तिच्यातल्या सिनेमाची डीव्हीडीची चकती चष्मेवाले पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणत आणि नंतर ती तिथल्याच कपाटात राही. सिनेमा संपला की प्रत्येकानं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, अगदी मोकळेपणानं. कारण निवडणारा कोण, हे कुणाला ठाऊकच नसे. शेवटी निवडणाऱ्यानं उठून माझ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "हा सिनेमा माझा." मग तो का निवडला ते सांगायचं. तो बोलत असताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, हसायचं नाही, उठून जायचं नाही. हा नियम सगळे प्राणपणानं पाळत.

किती छान दिवस होते ते! प्रत्येकाची बघण्याची तऱ्हा वेगळी. चष्मेवाल्यांचं लक्ष नटांच्या चष्म्यांकडे. बाईंना शेवट पटला नाही की त्या दिग्दर्शकाला नापास करून टाकत. रडका प्रसंग आला की मात्र त्या चष्मा पुसायला काढत, आणि तो बराच वेळ पुसत राहत. काका तर शिवणीवरून सिनेमाची पारख करत. "राजाचा अंगरखा बघा, बाही उलटी लावलीय! असल्या राजाची लढाई हरणारच!" काका बोलायला लागले की हसून मुरकुंडी वळायची. त्यांचं बोलणं ऐकायला म्हणून लोक येत.

काकूंनी मात्र कधी चिठ्ठी टाकली नव्हती. कुणी आग्रह केला तर म्हणत, "मला काय कळतंय त्यातलं? तुमचं चालू दे."

मग एका रविवारी, मंडळी यायच्या आधी, मी एक गोष्ट पाहिली. काकू केर काढत होत्या. त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं, केरसुणी भिंतीला टेकवली, डाव्या हातानं अडखळत काहीतरी लिहिलं आणि कागद घडी करून डब्यात सारला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाऱ्यानं हलल्यासारखं करून मी जरा हललोसुद्धा.

पुढच्या दिवसांत केर काढता काढता काकू माझ्यासमोर थांबू लागल्या. आपण काय बोलायचं त्याची त्या तयारी करत होत्या. आधी नुसते ओठ हलत. मग हळूच शब्द येऊ लागले.

"हा सिनेमा माझा. मला नीट बोलता येत नाही, सांभाळून घ्या. बहिणीकडे गेले होते तेव्हा मी हा बघितला. यात एक इस्त्रीवाली आहे. तिची लहान मुलगी जाते. ती दर आठवड्याला त्या मुलीचा फ्रॉक काढते, इस्त्री करते, घडी करून परत ठेवते." इथं त्या थांबत. मग जणू काका समोर बसले आहेत असं बघून म्हणत, "अहो, आपल्या चिमणीचा फ्रॉक मीपण ठेवलाय. तुम्ही तिच्या वाढदिवसाला शिवलेला. त्याआधीच ती तापात गेली, तिनं घातलाच नाही तो. मी विषय काढला की तुम्ही उठून खाली जाता आणि मशीन चालू करता. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. इथं तुम्हाला उठता येणार नाही. मला एकदा तुमच्याबरोबर बसून रडायचंय हो. बाकी काही नको."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की या घरात एक चिमणी होती आणि ती तापात गेली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. काकांच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

चिठ्ठी निघेपर्यंत बरेच रविवार गेले. काकू रोज तयारी करत होत्या. आता त्यांचा आवाज कापत नव्हता. अखेर ती चिठ्ठी निघाली, चष्मेवाल्यांनी चकती आणली आणि सिनेमा सुरू झाला.

त्या दिवशी काकू मागं बसल्या नाहीत. त्या पुढच्या रांगेत, काकांपासून एक खुर्ची सोडून बसल्या. पातळ नवं होतं. सिनेमा संथ होता, हे मला आवाजावरूनच कळलं. कितीतरी वेळ नुसती पाण्याची फुरफुर आणि इस्त्रीची घसर. बेकरीवाल्यांनी जांभई दिली. बाईंनी घड्याळ पाहिलं. काकूंची पापणीही लवत नव्हती. फ्रॉकचा प्रसंग आला तसे त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

आणि काका? काका माझ्याकडे बघतच नव्हते. गळ्यातली टेप काढून ते तिची गुंडाळी करत होते, उलगडत होते, पुन्हा गुंडाळी करत होते. मान खाली. तो प्रसंग संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मध्ये एक खुर्ची होती. एकानं जरी मान वळवली असती तरी दोघांची नजरानजर झाली असती! मी जीव तोडून ओरडलो, "काका, बाजूला बघा!" पण पडद्याला कुठला आलाय आवाज? माझ्या अंगावर ती इस्त्रीवालीच तेवढी बोलत राहिली.

सिनेमा संपला. दिवा लागला. काकूंनी घाईनं पदरानं तोंड पुसलं.

"लांबण लावलीय नुसती," बाई म्हणाल्या. "इतकं सांगायला एवढा वेळ?"

"मला तर शेवटी तिच्या विजेच्या बिलाची काळजी वाटायला लागली," चष्मेवाले म्हणाले.

मग सगळे काकांकडे वळले. काका आज बोलणार नाहीत असं मला क्षणभर वाटलं. पण सगळे वाट बघत होते. काकांनी टेप गळ्यात अडकवली आणि त्यांचा नेहमीचा आवाज लावला. "अहो, तो फ्रॉक आहे की लोखंडाचा पत्रा? इतक्या वर्षांत इतक्या वेळा एवढी गरम इस्त्री फिरवली तर चिंधी उरेल चिंधी! ज्यानं हा सिनेमा काढला, त्याला आठ दिवस माझ्या दुकानात बसवा. आणि ज्यानं निवडला, त्यालाही बसवा बरोबर!"

खोली हसण्यानं दणाणून गेली. बेकरीवाले मांडीवर थाप मारून हसले. काका स्वतःही हसले, जरा जास्तच हसले. ते का हसत होते हे मला दिसत होतं. मला एकट्यालाच दिसत होतं.

"काकू, तुम्ही सांगा की," बाई म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. "मी कसली सांगतेय?" त्या म्हणाल्या. "माझा मेला डोळाच लागला होता."

"घ्या!" काका म्हणाले. "आमच्या हिनं बरोबर परीक्षण केलं!"

पुन्हा हशा. मग नियमाप्रमाणे चष्मेवाल्यांनी विचारलं, "बरं, सिनेमा कुणाचा?" कुणी उठलं नाही. सगळे एकमेकांकडे संशयानं बघू लागले. "अहो, लाजता काय, खाणार नाही आम्ही!" बेकरीवाले म्हणाले. काकू उठल्या. माझा जीव भांड्यात पडला. पण त्या माझ्यासमोर आल्या नाहीत. त्यांनी कपबश्या गोळा केल्या आणि त्या जिन्यानं खाली गेल्या.

त्या दिवसापासून त्या सिनेमाला मंडळात नाव पडलं, बेवारस सिनेमा. एखादा सिनेमा फसला की बेकरीवाले म्हणत, "हा त्या बेवारसाचा भाऊ दिसतोय!" काकू चहा देता देता ऐकत. त्यांनी पुन्हा कधी चिठ्ठी टाकली नाही. केर काढताना त्या माझ्याकडे पाठ करून केर काढत.

मित्रांनो, काळ कुणासाठी थांबत नाही. हळूहळू माझा पांढरेपणा गेला. चष्मेवाल्यांनी घरी मोठा टीव्ही घेतला. बेकरीवाले मुलाकडे राहायला गेले. बाईंना जिना चढवेना. जो तो आपापल्या घरी, आपापल्या फोनमध्ये सिनेमा बघू लागला. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी कपाटातल्या आपापल्या चकत्या ओळखून नेल्या. एक चकती तेवढी राहिली. ती कुणाचीच नव्हती.

त्यानंतर काकू आजारी पडल्या आणि एके दिवशी गेल्या. खालून माणसांचे आवाज आले, रडणं आलं, मग सगळं शांत झालं. मशीनही बंद होतं. मी वर एकटाच होतो. त्यांनी घातलेले हातशिलाईचे टाके माझ्या कडांवर होते, आहेत. त्यांतला एकही अजून उसवलेला नाही.

पुष्कळ दिवसांनी एका रविवारी दुपारी काका वर आले. फार थकले होते. हातात एक छोटासा फ्रॉक होता. काकूंच्या पेटीत सापडला असणार, कारण त्याची घडी अगदी कडक होती. काकांनी तो मांडीवर घेतला. घर खायला उठलं असेल, कसला तरी आवाज हवा असेल, म्हणून त्यांनी कपाट उघडलं. आत ती एकच चकती होती. त्यांनी ती लावली.

पाण्याची फुरफुर. इस्त्रीची घसर. यावेळी काकांनी मान खाली घातली नाही. फ्रॉकचा प्रसंग आला. काका "चिमणे" म्हणून ओक्साबोक्शी रडू लागले. सिनेमा संपला तरी ते रडतच होते. काकू जसं म्हणाल्या होत्या, तसंच. फक्त शेजारी काकू नव्हत्या.

मला वाटलं, आता कळेल. फ्रॉक मांडीवर आहे, सिनेमा समोर आहे. आता नक्की कळेल यांना. काकांनी नाक पुसलं, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "तुला आवडला असता गं. नेमकी तेव्हा झोपलीस."

मित्रांनो, जन्मभर कपडे जोडणाऱ्या त्या माणसाला हे दोन तुकडे जोडता आले नाहीत. आणि ज्याला सगळं ठाऊक आहे, तो मी. मला तोंड नाही, हात नाही. काकूंचा एकेक शब्द मला पाठ आहे, पण मी तो कुणाला सांगू? माझ्यावर कुणी प्रकाश टाकला तर दुसऱ्याचीच गोष्ट दिसते.

मला धुवा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं जे व्हायचं ते होईल. पण तुम्ही कधी कुणाबरोबर सिनेमा बघायला बसलात, तर अधूनमधून शेजारच्याच्या चेहऱ्याकडेही बघा. कुणी आपल्या आवडीचं काही तुम्हाला दाखवलं, तर हसण्याआधी जरा थांबा. त्यानं ते का दाखवलं असेल, हे एकदा विचारा. आणि "झोपलो होतो" असं कुणी म्हणालं, तर त्याचे डोळे बघा.

काका अजून दर रविवारी दुपारी येतात. आता ते दोन खुर्च्या शेजारी-शेजारी लावतात, मध्ये जागा न सोडता. एकीवर फ्रॉक ठेवतात, दुसरीवर स्वतः बसतात आणि तोच सिनेमा लावतात. सुरू करायच्या आधी फ्रॉकच्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणतात, "आज तरी झोपू नकोस हं."