हॅनाच्या जागी

“आज तुम्ही वाचा,” फ्रँक म्हणाला. “दर मंगळवारी आम्ही आमच्या घरादाराची लक्तरं इथं टांगायची आणि तुम्ही पेन्सिल घेऊन त्यांना टाके घालायचे. हे काही बरोबर नाही.”

वर्ग हसला. वर्ग म्हणजे बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टरच्या वाचनालयातलं एक लांब टेबल आणि भोवती बसलेली सातआठ म्हातारी माणसं. फ्रँक मलोनी आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला. त्याच्या शेजारची इल्डा बार्बोझा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरची, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली. आपल्याच आयुष्यातलं खरं खरं कसं लिहावं, हे हॅना केलिहर त्यांना शिकवायची. त्याआधी बॉस्टनच्या आसपासच्या कॉलेजांत तिनं हेच शिकवलं होतं. कायमची नोकरी कुठेच नव्हती. एका कॉलेजातून दुसरीकडे जाताना बसमध्येच निबंध तपासायचे. आता साठी उलटल्यावर तिला अधूनमधून वाटायचं, दुसऱ्यांच्या दुःखातले स्वल्पविराम नीट करण्यातच आपला जन्म गेला.

“आज नको,” ती म्हणाली. “पाहुणे आहेत.”

पाहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ डेनी. खिडकीखालच्या खुर्चीत तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आयर्लंडमध्ये मॅक्रूमजवळ त्यांचं गाव. तिथल्या गायींनी त्याला आजवर कुठे जाऊ दिलं नव्हतं. दोन्ही वेळा दूध काढायचं असतं, त्यातून माणसाला सुटका नाही. वसंतात गुडघ्यानं दगा दिला, गायी विकल्या, आणि डेनी पहिल्यांदाच अमेरिकेत बहिणीकडे आला.

“माझी अडचण नाही,” डेनी म्हणाला. “मला झोप लागली तर घोरत नाही मी.”

खरं तर हॅनाला त्याला आपल्या पुस्तकातलं एक प्रकरण ऐकवायचंच होतं. तो आल्यापासून रोज रात्री जेवणानंतर ती कागद काढायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. पुस्तक पुढच्या वर्षी येणार होतं, तिचं पहिलंच. चार माणसांत वाचलं तर धीर येईल असं वाटून तिनं पिशवीतून कागद काढले.

प्रकरण वडिलांच्या मरणाचं होतं. हॅना तेव्हा बॉस्टनमध्ये चोरून राहत होती. पर्यटक म्हणून आलेली, परत न गेलेली. देश सोडला असता तर पुन्हा आत घेतलं नसतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती लोकांची घरं झाडत होती, आणि त्यांना पुरलं तेव्हाही. पुढच्याच वर्षी व्हिसाच्या लॉटरीत तिचं नाव निघालं आणि कायमचं राहण्याचे कागद मिळाले. वडिलांचे शेवटचे दिवस आईनं फोनवर सांगितले होते. त्या सांगण्यावरून तिनं ते उभे केले होते: म्हातारा खाटेवर पडलेला, डोळे दाराकडे लागलेले, आणि रोज एकच विचारणं, ‘हॅना आली का?’

ती वाचायची थांबली तेव्हा फ्रँक चष्मा पुसत होता. कुणीतरी नाक शिंकरलं. इल्डा मात्र डेनीकडे बघत होती.

“तुम्ही होतात ना तिथं?”

“होतो की.”

“मग पुस्तकात तुम्ही कुठे आहात? मला तर एकदाच दिसलात, शवपेटीला खांदा देताना.”

“गोठ्यात असेन,” डेनी म्हणाला. सगळे हसले. मग हॅनाकडे न बघता तो म्हणाला, “छान लिहिलंय. शाळेतही तिचे निबंध मास्तर सगळ्यांना वाचून दाखवायचे. मला फक्त छडी दाखवायचे.”

वर्ग संपल्यावर तिनं त्याला गाडीतून कॅसल आयलंडला नेलं. बंदराकडे तोंड करून गाडी उभी केली, तळलेले मासे आणि बटाटे घेतले आणि दोघं आतच बसून खाऊ लागली. बाहेर बोचरा वारा होता. डेनीनं बराच वेळ बटाट्यांवरून बोट फिरवलं.

“मॅमीनं तुला खोटं नाही सांगितलं,” तो म्हणाला. “डॅडी विचारायचे तुझं. पण दाराकडे बघून नाही.”

“मग?”

“माझ्याकडे बघून.”

हॅनानं खाणं थांबवलं.

“दूध काढून मी त्यांच्या खोलीत जायचो. मॅमीला उचलवायचे नाहीत ते, मग अंग पुसणं, दाढी, सगळं माझ्याकडे. तर मी दारातून आलो की म्हणायचे, ‘हॅना, आलीस का गं?’ पहिल्यांदा मी म्हटलं, डॅडी, मी डेनी. तर रडायला लागले. लहान पोर रडतं तसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्या बापाला रोज सकाळी रडवायचं म्हणजे…” त्यानं खांदे उडवले. “मग एक दिवस म्हटलं, ‘आले, डॅडी.’”

एक मालवाहू जहाज बंदरात शिरत होतं. दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

“मग काय, प्रश्नांवर प्रश्न. घर कसं आहे? म्हटलं, समुद्राजवळ आहे. काम? म्हटलं, बँकेत. आता मला बँकेतलं काय कळतंय? पण त्यांना बरं वाटायचं. बॉस्टनला पाऊस पडतो का विचारायचे. म्हटलं पडतो, पण आपल्यासारखा नाही, दमानं पडतो. तुझं लग्नसुद्धा लावून दिलं मी.”

“कुणाशी?”

“पोलिसाशी. उंच होता.”

हॅनाला हसू आलं. “आणि शेवटी?”

“शेवटी काय. दाढी करत होतो मी. माझा हात धरला आणि म्हणाले, ‘चांगली पोर आहेस.’ संध्याकाळी गेले.” डेनीनं कागदाचा बोळा केला. “माझं नाव त्यांनी शेवटचं कधी घेतलं, आठवून बघितलं. नाही आठवत. गवत कापताना कधीतरी हाक मारली असेल.”

“मला कधीच बोलला नाहीस.”

“फोनवर काय सांगणार? आणि गावी आलीस की तू त्यांच्या कबरीवरून परत यायचीस ते तोंड सुजवून.”

तीसेक वर्षं ती लोकांना शिकवत आली होती, की गोष्टीचा गाभा कुठेतरी बाजूला, न बोलणाऱ्या माणसापाशी असतो. तिच्या स्वतःच्या गोष्टीत तो माणूस दुधाच्या बादल्या घेऊन खोलीच्या दारात उभा होता आणि तिनं त्याला एक ओळ दिली होती. याची लाज वाटते न वाटते तोच तिच्या डोक्यात वाक्यं जुळू लागली. ‘आले, डॅडी.’ प्रकरणाची सुरुवात इथून. हात पेनाकडे जाऊ नये म्हणून तिनं स्टिअरिंग धरून ठेवलं.

“डेनी, मी हे लिहू का?”

“नको.”

“तुझ्या नावानं लिहीन. तू वाचशील, मगच—”

“नको, हॅना.” आवाज चढला नव्हता. “तुझं तुझ्याजवळ आहे ना? तुला येता आलं नाही, ते लिही. पोटभर लिही. हे माझं आहे. मॉरीनलासुद्धा नाही सांगितलेलं.” मॉरीन त्याची बायको.

“मग मला तरी का सांगितलंस?”

“लोक रडत होते,” डेनी म्हणाला. “आणि तसं झालं नव्हतं.”

शुक्रवारी सकाळी डेनी पाय मोकळे करायला बाहेर गेला तेव्हा हॅनानं प्रकाशकांकडे फोन लावला. मेन राज्यातलं छोटं प्रकाशनगृह. तिथली संपादक प्रिसिला, बोलायला गोड, कामाला चोख.

“ते वडिलांचं प्रकरण काढून टाकायचंय,” हॅना म्हणाली.

“हॅना, त्या प्रकरणासाठी तर आम्ही पुस्तक घेतलं.”

“माहीत आहे.”

“काही चुकलंय का त्यात? मग दुरुस्त करू या. वेळ घ्या हवा तर.”

“दुरुस्त करता येईल. पण करायला मला मोकळीक नाही.”

“कुणी हरकत घेतलीय?”

“तसं नाही.” तिनं खुर्ची ओढून घेतली. “जसं आहे तसं मी छापू शकत नाही, आणि जसं झालं तसं लिहू शकत नाही. याच्यापुढे मला विचारू नका.”

दुपारी प्रिसिलाचा पुन्हा फोन आला. ती सगळ्यांशी बोलली होती. त्या प्रकरणावाचून पुस्तकाला कणाच राहत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पुस्तक आता काढता येणार नाही, फार वाईट वाटतंय, म्हणाली. हॅनानं आभार मानले आणि रात्रीसाठी बटाटे सोलायला घेतले. रडू येईल असं तिला वाटलं होतं. फक्त थकवा आला, लांबचा प्रवास करून आल्यासारखा. डेनी आला, त्यानं ड्रॉवरमधून दुसरी सुरी काढली आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

“सालं जाड काढतेस तू,” तो म्हणाला. “मॅमीनं मारलं असतं.”

“म्हणून तर इकडे पळून आले.”

रविवारी ती त्याला विमानतळावर सोडायला गेली. मॉरीनसाठी घेतलेला कोट त्यानं अंगावरच टाकला होता, बॅगेत मावत नाही म्हणून. बायकी कोटात तो अवघडून चालत होता.

“पुस्तक कधी येतंय मग?” त्यानं विचारलं.

“वेळ लागेल अजून.”

“आलं की पाठव. मी काही वाचायचा नाही, पण मॉरीन वाचेल. आणि गावात दाखवायला बरं.”

“पाठवीन.”

त्यांच्या घरात मिठी मारायची पद्धत नव्हती. डेनीनं तिच्या दंडावर दोनदा थोपटलं, गायीला थोपटावं तसं, आणि तो तपासणीच्या रांगेत शिरला. तिथून पुढे फक्त तिकीटवाल्यांनाच जाता येत होतं. हॅना दोरीच्या अलीकडे थांबली. त्यानं टोपी काढून ट्रेमध्ये ठेवली, मग कोट, पट्टा, बूट. काचेच्या खोक्यात दोन्ही हात वर करून तो उभा राहिला तेव्हा त्याची पँट थोडी खाली सरकली आणि त्यानं ती कोपरांनी धरायचा प्रयत्न केला.

पलीकडे गेल्यावर तो बाकावर बसला. दुखरा गुडघा वाकत नव्हता, म्हणून पाय लांब करून, कमरेतून पुढे झुकून त्यानं बूट चढवला. नाडी हाती येईना. लोक चाकांच्या बॅगा घेऊन त्याच्या पायाला वळसा घालून जात होते. तो जरा दम घ्यायचा आणि पुन्हा वाकायचा. हॅनानं हाक मारली नाही. दोन्ही नाड्या बांधून होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.