कोपऱ्यातल्या टेम्पोचा जळफळाट

मी एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. मित्रांनो, ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका काचवाल्याने माझ्या हौद्यात लाकडाची तिरकी घोडी ठोकली तेव्हापासून. घोडीला गोणपाटाचं जाड अस्तर होतं. खिडक्यांची तावदानं, कपाटांचे आरसे, दुकानांच्या काचा तिला टेकवून मी गावभर पोचवल्या. गल्लीतली लहानथोर माणसं त्या काचवाल्याला मामा म्हणत आणि त्याच्या बायकोला मामी. म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो.

एकदा एका केस कापायच्या दुकानाचा भिंतभर आरसा आम्ही साधा ओरखडाही न पडू देता नेला. तेव्हा मामांनी माझ्या टपावर थाप मारली. "वा रे गड्या!" एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी मी घरी आलो तो तरंगतच.

मग ती आली. पांढरीशुभ्र, चारचाकी पिकअप. शेडमधली माझी जागा तिला मिळाली. मला ढकलत मागच्या कोपऱ्यात, फुटक्या काचांच्या पिंपाशेजारी नेऊन उभं केलं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण मामांनी माझी घोडी उचकटली आणि तिच्या हौद्यात नेऊन बसवली! मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मामांना तर तिच्याशिवाय दुसरा विषयच उरला नाही. शेडला लागूनच स्वयंपाकघर, त्यामुळे जेवतानाचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येई.

"अगं, आत बसलं की बाहेरचा गोंगाट म्हणून नाही. वळवायला एक बोट पुरे!"

"मग उरलेली नऊ बोटं काय करतात?" मामी विचारत.

"थट्टा नको. मागे काही आडवं आलं तर आपण होऊन पीं पीं करते. फक्त बोळात शिरताना पंचाईत होते. अंग चोरून जावं लागतं."

हे शेवटचं वाक्य ऐकून मला गुदगुल्या झाल्या. हिचं अंग एकदा चांगलं घासू दे, मग यांना माझी किंमत कळेल, असं मी रोज मनाशी घोकू लागलो.

आणि तसंच झालं. एका दुपारी ती परत आली ती दारापासून मागच्या चाकापर्यंत खरवडून. बाजूचा आरसा तारेला लोंबकळत होता. बोळातल्या भिंतीला घासली होती. माझी बॅटरी उतरलेली नसती, तर मी खुशीने भोंगा वाजवला असता!

मामा तिच्या पायरीवर मान खाली घालून बसले. मामींनी पाणी आणून दिलं.

"विकून टाका हे धूड," मामी म्हणाल्या. "त्या टेम्पोलाच बाहेर काढा. त्याच्यावर तुमचा हात बसलाय."

मला वाटलं, आता घोडी परत आपलीच!

मामांनी मान हलवली. "नाही जमणार गं. डॉक्टर काय म्हणाले, ते मी तुला पुरतं सांगितलंच नाही. टेम्पोच्या धक्क्यांनी माझ्या मणक्यांची वाट लागलीय. आणखी चालवला असता, तर अंथरूण धरावं लागलं असतं."

मामींनी तांब्या खाली ठेवला. "आणि मी समजत होते, नव्या गाडीची हौस!"

"कसली हौस? त्याला कोपऱ्यात लावताना पोटात तुटत होतं. म्हणून तर तिकडे बघत नाही मी."

मित्रांनो, मामा खाली उतरताना कंबर धरत, तेव्हा मला वाटे, काचांच्या ओझ्याने दमले असतील. प्रत्येक खड्ड्यात आदळणारा मीच होतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या खरवडलेल्या पांढऱ्या पत्र्याकडे बघून मघाशी झालेला आनंद कुठल्या कुठे गेला.

मामी वळल्या. कोपऱ्यात आल्या आणि पदराने माझ्या सीटवरची धूळ झटकली.

"मग हा मी चालवते."

"तू?"

"का? माझी कंबर शाबूत आहे. मोठ्या काचा तुम्ही न्या. लहान आरसे आणि तसबिरी मी बोळांतून पोचवीन. पण आधी याची सीट नीट करून द्या."

मामांनी माझ्या बसलेल्या चाकांत हवा भरली, बॅटरी चार्ज केली, तेल बदललं, धक्के झेलणाऱ्या मागच्या पाट्यांच्या झिजलेल्या जोडण्या नव्या घातल्या आणि सीटवर जाड फोम शिवून बसवला. पहिल्या दिवशी मामींनी मला पिंपावर नेऊन धडकवलं. दोघंही पोट धरून हसले. आठवड्याभरात आम्ही बाजारात जाऊ लागलो. खड्डा दिसला की मामी माझा वेग कमी करतात, आणि मीही होईल तितकं हळू उतरतो.

मत्सर पुरता गेला, असं खोटं कशाला सांगू? मामा तिची काच पुसू लागले की अजूनही माझं इंजिन तापतं. पण संध्याकाळी ती सुखरूप परतली की बरंही वाटतं, कारण आत मामा असतात.

मित्रांनो, घरात नवी वस्तू आली की तिचं कौतुक जरूर करा. मात्र जुनीला कोपऱ्यात लोटण्याआधी, ती आणखी कुणाला हवी आहे का, हे एकदा घरात विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्या चाकांत निदान हवा भरून ठेवा. बसलेल्या चाकांवर उभं राहणं फार दुखतं.