स्वेटरवरचा केस

नवऱ्याच्या स्वेटरवर लांब केस सापडला, तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. केस चिमट्यात धरला आणि मेणबत्तीवर जाळून पाहिला.

वेडी नाहीये मी. धागा ओळखायची ती रीतच आहे. सुती धागा जळला की कागदाचा वास येतो, नायलॉन वितळून त्याची कडक गोळी होते आणि लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. हे सगळं मी घरबसल्या मोबाईलवर शिकले. मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तेव्हापासून त्या खोलीत माझे उद्योग चालतात. कांद्याच्या सालीत लोकर उकळून तिला छान तपकिरी रंग चढवला. चातीवर सूत काढायला बसले, तर पहिले आठ दिवस सूत कमी आणि गाठीच जास्त. गरम पाण्यात लोकर चोळून जाड नमद्याची पिशवी करायला घेतली, ती आटून आटून एवढीशी झाली. "मोबाईलला टोपी झाली," असं म्हणून हे हसले. "आता घरात एक मेंढीच आणायची राहिली."

तर तो केस. वास आला केसाचाच, पण लोकरीचाही तसाच येतो. म्हणून मी स्वेटर उजेडात धरून नीट पाहिला. खांद्यावर आणखी केस होते. त्यातला एक ताणला. लोकर ताणली की जरा लांबते आणि सोडली की आखडते. हा आखडला नाही. गुळगुळीत, बाईचा केस. टोकाला मूळ होतं आणि मुळाजवळ बोटभर पांढरा, पुढे सगळा काळा. रंगवलेला. रंगाच्या कामात हात घातलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. म्हणजे ती माझ्याच वयाची आहे, नटायची हौस आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकते आहे. तेही मी विणलेल्या स्वेटरवर! राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. या वयात माणूस गेला तर मी कुणाशी भांडू?

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली हे रोज संध्याकाळी फिरायला जात होते. आयुष्यभर छापखान्यात उभं राहून काम केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर खुर्ची सोडायला तयार नव्हता, त्याला अचानक फिरण्याची गोडी लागली.

"कुठपर्यंत जाता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"असंच. बागेपर्यंत."

"बाग तर महिनाभर बंद आहे. खोदकाम चाललंय."

"म्हणजे बागेच्या बाहेरून गं. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं."

खरं बोलणारा माणूस इतकं समजावून सांगत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याच दिवशी लोकरीची टोपली उपसली, तर तळाशी जपून ठेवलेली दुधी रंगाची लोकर गायब. माझ्याकडची सगळ्यात मऊ, गालाला लावावी अशी लोकर. गोलात विणायच्या सुयाही नाहीत. म्हणजे बाईसाहेबांना भेटी चालल्या होत्या, त्याही माझ्या टोपलीतून!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे बाहेर पडले आणि थोडं अंतर ठेवून मीही निघाले. बागेकडे न वळता ते बाजारातून सरळ गेले, संत्री घेतली, पूल ओलांडला आणि एका इमारतीत शिरले. ती इमारत पाहून मी जागच्या जागी उभी राहिले. तिथे तिसऱ्या मजल्यावर माझी नणंद राहते.

तिच्या घरची पायरी मी चार वर्षांत चढले नव्हते. एका लग्नात, भरल्या पंगतीत ती म्हणाली होती, "आमची वहिनी सुतावरून स्वर्ग गाठते. दादाचे खिसे रोज तपासते, विचारा हवं तर!" सगळे खो खो हसले. हेही हसले. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. आणि आता तीच भावाला आसरा देत होती! शेजारची कुणी मैत्रीण असणार, हिनेच जुळवून दिलं असणार. रस्त्यापलीकडे उभी राहून मी तिला ऐकवायची वाक्यं घोळवत होते.

एवढ्यात हे कागदाची चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे गेले. तिथे रांग होती. मी तरातरा जिने चढले आणि घंटी दाबून धरली.

दार नणंदेनेच उघडलं. क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, भुवया नाहीत. डोक्यावर माझ्या दुधी लोकरीची टोपी, तीही तिरकी. तोंडाशी आणलेलं वाक्य मी गिळून टाकलं.

"सांगितलं वाटतं शेवटी दादाने," ती म्हणाली. "ये, आत ये. मीच नको म्हटलं होतं त्याला. म्हटलं, वहिनीला वाटेल, आता मरायला टेकली म्हणून गोड बोलतेय."

मी खुर्चीवर बसले. टीपॉयवर माझ्या सुया होत्या आणि त्यांवर दुसरी टोपी अर्धी विणलेली. काठाला पीळ पडला होता. पहिली ओळ जोडताना टाके सरळ करून घेतले नाहीत की असं होतं. मग कितीही विणा, ती टोपी डोक्यावर नीट बसत नाही.

"हे विणतात?" मी विचारलं.

"तुझं बघून बघून शिकला म्हणे. टोचत नाही एवढं खरं. केस गळायला लागले तेव्हा मी रडत बसायचे त्याच्या खांद्यावर, तर हे टोपीचं काढलं त्याने." ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. "वहिनी, खरं सांग. त्याने सांगितलं, की तू पाळत ठेवून आलीस?"

"पाळत ठेवून."

"खिसे तपासलेस?"

"नाही. खांदे."

ती हसली. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तिच्या स्वेटरच्या आत नुसती हाडं होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"रडू नकोस. एक काम कर माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा डॉक्टरांनी दादाला एकट्याला आत बोलावलं होतं. बाहेर येऊन म्हणतो, सगळं ठीक चाललंय. उगाच हसत होता. मला कुणी खरं सांगत नाही गं. तू काढून घे त्याच्याकडून. तुझ्यापुढे त्याचं खोटं चालत नाही. आणि जे असेल ते मला सांग. माझं अजून बरंच आवरायचं राहिलंय."

"सांगेन," मी म्हणाले.

हे औषधं घेऊन आले. दारात माझ्या चपला पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"अगं, मी तुला सांगणारच होतो..."

"ते राहू दे. परवा डॉक्टर काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले. वेळ लागेल, पण..."

"अहो."

ते ओट्याला टेकले. पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं काढून एकावर एक रचत बसले. लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाचं खोटं मी चालू दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं, यांनी माझ्या डोळ्यांत बघून सफाईने खोटं बोलावं आणि मला ते पटावं.

"औषध लागू पडत नाहीये," ते म्हणाले. "आता फक्त दुखणं कमी ठेवायचं. तिला नको सांगू. तिला झेपणार नाही."

"तिनेच विचारलंय."

मी डोळे पुसले आणि दार उघडलं. ती टोपी सावरून, ताठ बसून माझीच वाट बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला आणि ऐकलं होतं तसं सगळं तिला सांगितलं.