बॅटरीवरची माळ

निशिगंधाचं शुक्रवारचं मौन सगळ्या गंजाड गावाला ठाऊक होतं. सकाळची आंघोळ झाली की दुपारच्या नैवेद्यापर्यंत तिच्या तोंडून अक्षर निघत नसे, आणि त्या वेळात तिला कुणी काही विचारतही नसे.

आदल्या संध्याकाळी मात्र ती पुष्कळ बोलली होती. सकाळी आळीतल्या बायकांना घेऊन तिच्या घरची पिकअप महालक्ष्मीच्या जत्रेला निघायची होती, म्हणून कासा नाक्यावरचा मनिष वायरमन जादा दिवे बसवायला आला होता. टपावर पिवळे दिवे झाले, मागे हौद्यात पांढरी पट्टी झाली. राहिली केबिनमधल्या देवीच्या तसबिरीभोवतीची लाल बल्बांची माळ. निशिगंधाचा नवरा जतीन तेव्हा वाडीत चिकू भरत होता.

"वहिनी, सगळ्या लायटी चावीवर घेतल्यात. चावी काढली का बंद."

"देवीची माळ चावीवर नको रे. ती विझायची नाही, मी बोलले आहे देवीला. थेट बॅटरीवर घे."

मनिषनं पकड खाली ठेवली. "बॅटरी म्हातारी झालीय. रातभर माळ चालली तर सकाळी गाडी उठायची नाय. आणि देवळात शेजारती करतात ना वहिनी? देवीला पण निजू द्या की जरा."

"मला शिकवू नकोस. जोड तू."

"मग शेठना सांगून ठेवतो."

"मी सांगते ना."

रात्री जतीन दमून आला, जेवला, आडवा झाला. तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माळ उतरली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी बायका नवी लुगडी नेसून हौद्यात चढल्या. जतीननं चावी फिरवली. बॉनेटखाली नुसतं कट् झालं, मग तेही नाही. जी विझू नये म्हणून एवढा खटाटोप, ती माळही केव्हाच विझली होती.

"काय रे जतीन," बायजाआजी वरून ओरडली, "देवीच्या पाया पडायचं की तुझ्या गाडीच्या?"

बायका खिदळल्या. उतरून दोघी-तिघींनी ढकलूनही पाहिलं. अंगणाचा चढ, गाडी हलेना.

फोन गेल्यावर मनिष मोटरसायकलवर दुसरी बॅटरी बांधून आला. तोवर जतीननं वायरी पाहिल्या होत्या. त्यानं मनिषला उतरूही दिलं नाही.

"माळ डायरेक्ट बॅटरीवर? अक्कल कुठं ठेवून आला होतास? थांब, नाक्यावर एकेका ड्रायव्हरला सांगतो, याच्याकडं गाडी घालू नका म्हणून!"

जत्रेचे दिवस. वर्षाचं निम्मं काम मनिषला याच दिवसांत मिळे. त्यानं निशिगंधाकडं पाहिलं.

तिच्या हातात पूजेचं ताट होतं. ती ताटातल्या कुंकवाकडं बघत राहिली. मौन आहे, तिनं स्वतःला सांगितलं.

मनिषनं मान खाली घातली. "चुकलं शेठ. माझंच चुकलं."

"आणि आमची निशिगंधा बघा," बायजाआजी कौतुकानं म्हणाली, "एवढं झालं तरी शब्द नाही तोंडातून. व्रत करावं तर असं!"

निशिगंधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. यापेक्षा आजीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मनिषनं बॅटरीला बॅटरी जोडली, गाडी सुरू झाली. बायका पुन्हा चढल्या. तो गुपचूप वायरी गुंडाळू लागला. ती केबिनमध्ये बसली आणि माळ समोर पुन्हा लाल झाली. तिला ती बघवेना.

"थांब, मनिष."

हौद्यातल्या बायका केबिनकडं वाकल्या.

"मी जोडायला लावली होती माळ," ती जतीनला म्हणाली. आवाज फार बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा, मागं ऐकू जाईल असं सांगितलं. "तो नको म्हणत होता. तुम्हांला सांगते म्हटलं, तेही सांगितलं नाही."

"अगं बाई, मौन मोडलं हिचं!" मागून कुणीतरी म्हणालं.

जतीन स्टिअरिंगकडं बघत होता. "मग मघाशी तो शिव्या खात होता, तेव्हा का नाही बोललीस?"

उत्तर तयार होतं. आज शुक्रवार. ते तिच्या ओठांवर आलं, पण तिला देववलं नाही.

जतीन खाली उतरला. "नाक्यावर काही सांगत नाही मी," तो मनिषला म्हणाला. "ती माळ तेवढी चावीवर घे."

मनिष खिडकीतून आत वाकला. त्यानं वायर तोडली आणि माळ सगळ्यांदेखत विझली. निशिगंधानं पदर सावरून त्याला जागा करून दिली.

"रातची निजेल आता देवी," तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

माळ पुन्हा लागली. हौद्यातून देवीचा जयजयकार झाला. निशिगंधानं हात जोडले, पण तसबिरीकडं मान काही तिला वर करता आली नाही.