हळदीगत

हळद शिजवायच्या भल्यामोठ्या काहिलीत लाल फळं उकळत होती. आमची सगळी कॉफी! चार वर्षं डोंगरउतारावर जिवापाड जपलेली, आम्हा आठ बायकांच्या सोसायटीची पहिली तोड, आणि बनुबाई ती हळकुंडांसारखी शिजवत बसली होती. वर तोंडभर हसून म्हणते, "या की! दोन काहिली उतरल्या, ही शेवटची."

आमच्या पाटणच्या डोंगरात हळद नाही. बनुबाई पलूसची, हळदीतच वाढलेली. काहीलही तिनं माहेरहून आणवलेली. आम्ही जत्रेला गेलो तेवढ्यात बाईनं एकटीनं काम उरकून टाकलं, आम्ही खूश होऊ म्हणून. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

सोसायटीची म्होरकी चंद्राक्का माझ्या मागेच होती. तिचे मालक आकाराम पलटणीत होते. रजेवर येताना त्यांनी कुर्गातून कॉफीचं बी आणलं, तिला सगळं समजावलं, आणि परत गेले ते ब्रह्मदेशच्या लढाईत कामी आले. उतार तिच्या थोरल्या दिरांच्या, तात्याबांच्या ताब्यात. त्यांनी गावासमोर सांगितलं होतं: पहिला माल सांगलीच्या व्यापाऱ्यानं उचलला तर उतार बायकांचा, नाहीतर झाडं तोडून नाचणी.

व्यापारी दुसऱ्या दिवशी आला. एक फळ फोडलं, बी चावून थुंकला. "शिजवलीत? अहो, कॉफी नुसती उन्हात वाळवतात. ही वाया गेली." आणि तसाच माघारी फिरला. तात्याबा येतानाच कुऱ्हाडवाला घेऊन आले होते. माणसानं इतकं तयारीत असू नये, असं मला वाटलं.

तात्याबा झाडांकडे वळले तशी चंद्राक्का बनुबाईवर कडाडली, "कुनी सांगितलं तुला शिजवायला?"

"तुमीच की, आक्का!" बनुबाई रडकुंडीला आली. "हळदीगत वाळवायची, असं तुमीच म्हनलासा. लावनीलाबी म्हनलासा, तोडीलाबी म्हनलासा. हळद शिजवल्याबिगर वाळती व्हय? किडा लागतो तिला."

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं ते शब्द कुणाचे. 'हळदीगत वाळवायची', एवढंच आकाराम सांगून गेले होते. त्यांनी हळद पाहिली असेल ती सांगलीत, अंगणात पसरलेली. त्याआधी तिचं काय करतात ते डोंगरातल्या माणसाला काय कळणार? मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. पण त्या घडीला मी मनात ठेवली, खोटं कशाला बोलू?

"कुनाचं काम हे?" तात्याबा परत येऊन गरजले. "नाव सांगा."

सगळ्यांच्या नजरा बनुबाईकडे वळल्या. चंद्राक्का पुढं सरली. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिरांसमोर कधी उभी राहिली नव्हती. काही सांगायचं तर दाराआडून, दुसऱ्याच्या तोंडून. ती त्यांच्या समोर गेली आणि सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या भावाचं."

शेजारच्या लीलाबाईनं माझा दंड घट्ट धरला.

"वाळवायचं हळदीगत, एवढंच त्यांनी सांगितलं," चंद्राक्का म्हणाली. "हळद कशी करत्यात, त्यांस्नीबी ठावं न्हवतं, मलाबी न्हाई. त्यांचा शबूद म्हनून म्या धरून बसले. कुनाला इचारलं न्हाई. बनीला बोल लावू नगासा."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. तात्याबा बांधावर बसले. पलटणीची तार आली त्या दिवशी ज्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो आम्हा आठ बायांसमोर ढसाढसा रडायला लागला. कुठं बघावं तेच आम्हाला कळेना.

"असाच हुता त्यो," ते हुंदके देत म्हणाले. "ल्हानपनापासनं. अर्धं सांगायचा आन् पळायचा."

डोळे पुसून त्यांनी कुऱ्हाडवाल्याला हात केला. "जा रं घरला." मग चंद्राक्काकडे न बघताच म्हणाले, "म्या जातो कुर्गाला. त्याचं सांगायचं ऱ्हायलेलं इचारून येतो."